दामलेमामांचा माइक

आषाढी जवळ आली की शेगावची गजानन महाराजांची पालखी आमच्या सोलापुरातून पंढरपूरकडे जाते. कधी वाटेत उभं राहून ऐका. भजनी मंडळं काय काय म्हणतात ते नीट कान देऊन ऐका. ज्ञानोबांचं, तुकोबांचं, नामदेवांचं ऐकू येईलच. मधूनच एखादं मंडळ ‘आधी बीज एकले’ धरतं. म्हणणाऱ्याला विचारा, कुणाचा अभंग? उत्तर ठरलेलं आहे : तुकोबांचा.

तुकारामांच्या गाथेत तो शोधून सापडत नाही. ‘प्रभात’च्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी तो शांताराम आठवले यांनी लिहिला आणि केशवराव भोळे यांनी चाल दिली. विष्णुपंत पागनीसांनी गायला. गंमत म्हणून ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण संशोधनाची तयारी करताय, तर इथे थांबू नका. गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं सांगितली की गाण्याचा इतिहास संपला असं आपण धरून चालतो. चौथा माणूस विसरतो : हा आवाज फिल्मवर कुणी उतरवला, आणि उतरवताना त्याने काय ठरवलं?

प्रयोगशाळेत आपण हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो. स्पेक्ट्रम हातात आला की मोजमाप कुठल्या यंत्रावर झालं, त्याची मर्यादा काय, कॅलिब्रेशन कुणी केलं, हे विचारल्याशिवाय गाइड पुढे जाऊ देत नाहीत. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण यंत्र आणि यंत्रावरचा माणूस, दोघांनाही पारदर्शक काच समजतो. म्हणून आज ‘प्रभात’च्या ध्वनिमुद्रणाबद्दल, म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले यांच्याबद्दल.

दामले १८९२चे, पेणचे. ध्वनिशास्त्राची पदवी वगैरे काही नव्हती. तेव्हा ती आपल्याकडे कुणाकडे असणार? हा माणूस रंग आणि पडदे यांतून आला. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झाला. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी जो देशी कॅमेरा पुरा केला, त्या खटपटीत दामले होते. म्हणजे यंत्र उघडून आत काय आहे ते बघायची सवय तेव्हापासूनची. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी, तिथे शेख फत्तेलाल यांची जोडी जमली. दामलेमामा आणि साहेबमामा. १ जून १९२९ला व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. तेव्हा सगळं मूकपटांचं चाललं होतं. १४ मार्च १९३१ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि खेळच बदलला. ‘प्रभात’ने १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलका काढला, आणि आवाजाचं खातं गेलं दामल्यांकडे. पडदे रंगवणारा, कॅमेरा जुळवणारा माणूस चाळिशीला आल्यावर ध्वनिमुद्रक झाला.

आता त्या सेटवर जरा माझ्याबरोबर उभे राहा. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतःच गाणार आहेत. आधी गाणं मुद्रित करून ठेवायचं आणि चित्रीकरणात फक्त ओठ हलवायचे, ही सोय अजून यायची आहे. साथीदार तिथेच, पण चौकटीच्या बाहेर. माइकही चौकटीच्या बाहेर, पण गाणाऱ्याच्या जवळ हवा. कॅमेऱ्याची मोटर घरघरते. गाणारा एक पाऊल मागे सरकला तर?

गणित सोपं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनी उतरतो. गाणारा माइकपासून एक मीटरवर आणि तबला चार मीटरवर असेल, तर तेवढ्याच जोराच्या तबल्याचा दाब माइकवर एकचतुर्थांश, म्हणजे १२ डेसिबलनी कमी. आज स्टुडिओत जे काम मिक्सरच्या बटणांवर होतं, ते तेव्हा जमिनीवर खडूच्या खुणांनी करता येईल एवढंच होतं. पेटी इथे, सारंगी तिथे, तबलजी आणखी दोन हात मागे. वाद्यमेळ कसा ऐकू येणार हे संगीतकाराइतकंच अंतराच्या हिशोबाने ठरायचं, आणि तो हिशोब ध्वनिमुद्रकाकडे.

दुसरी अडचण भिंतींची. आपले दोन कान आणि मेंदू मिळून खोलीचा घुमारा बराचसा बाजूला सारतात. एकट्या माइकला ते जमत नाही. थेट आवाज अंतराबरोबर उतरतो, पण बंद खोलीतला घुमारा साधारण सगळीकडे सारखाच राहतो. त्यामुळे माइक लांब गेला की गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. शब्द पुसट होतात. मराठी माणूस तर शब्दासाठी गाणं ऐकतो!

तिसरी अडचण फिल्मची. आवाजाची पट्टी चित्राच्या कडेने धावते. सेकंदाला २४ चौकटी, चौकट साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४५६ मिलिमीटर फिल्म. ५,००० हर्ट्झचा स्वर टिपायचा तर एका आवर्तनाला जागा किती? ०.०९ मिलिमीटर. रसायनात फिल्म जरा जास्त वेळ राहिली तरी ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं फिसकटणार. कुजबूज खरखरीत बुडणार, आणि आरोळी पट्टीच्या मर्यादेबाहेर जाऊन फाटणार. या दोन टोकांच्या मध्ये जी चिंचोळी वाट राहते तिच्यातून गाणाऱ्याला न्यायचं.

आणि गाणारे कोण होते? रंगभूमीवरचे. लाउडस्पीकर नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची सवय हाडात मुरलेली. शिवाय ‘वन्स मोअर’. एकेक पद रसिकांच्या आग्रहावर पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या जागा घेत चालायचं, नाटक पहाटेपर्यंत. तो आवाज, ती लांबी आणि समोरचा माणूस या तिन्ही गोष्टी माइकपुढे एकदम गळून पडल्या.

इथे एक प्रसंग असा आहे की प्रयोग मुद्दाम मांडला असता तरी इतका नेटका मांडता आला नसता. १९३५मध्ये ‘प्रभात’ने ‘धर्मात्मा’ काढला. संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व, संगीत मास्टर कृष्णरावांचं. पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’. तुकाराम झाले पागनीस, तेही नाटकात स्त्रीभूमिका केलेले. म्हणजे बघा : तोच स्टुडिओ, तेच ध्वनिमुद्रण खातं, दोन्हीकडे संतचरित्र, दोन्हीकडे स्त्रीपार्टी नट पहिल्यांदा संताच्या वेशात. ‘धर्मात्मा’ची जादू चालली नाही आणि बालगंधर्वांची ‘प्रभात’बरोबरची भागीदारी तिथेच संपली. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात एक वर्षाहून जास्त चालला आणि १९३७च्या व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्या तीन चित्रपटांत मोजला गेला.

लगेच ‘माइकने बालगंधर्वांना हरवलं’ असं वाक्य लिहू नका. मीही एकदा टिपणात लिहिलं होतं, नंतर खोडलं. दिग्दर्शक वेगळे, संगीतकार वेगळे, कथा वेगळी. आणि नारायणराव पुरुषवेशात बघायला प्रेक्षक कितपत तयार होते हा प्रश्न वेगळाच. चार चलं एकदम बदलली असताना पाचव्याला श्रेय द्यायचं नाही, एवढं तर आपल्याला बी.एस्सी.तच शिकवलेलं असतं.

पण एक फरक मला सोडवत नाही. ‘धर्मात्मा’ शांतारामबापूंनी दिग्दर्शित केला. ‘संत तुकाराम’ दामले–फत्तेलाल यांनी. ज्या माणसाने चार वर्षं माइक कुठे ठेवायचा हे ठरवलं, तोच आता तुकाराम कुठे बसेल हे ठरवत होता. ध्वनिमुद्रकाला एरवी तयार दृश्य मिळतं आणि त्यात माइक लपवायला कोपरा शोधावा लागतो. इथे दृश्य रचणाऱ्यालाच कानाने विचार करायची सवय होती.

चित्रपट यूट्यूबवर सहज मिळतो. बघाच, आणि पडद्याकडे पाठ करून पंधरा मिनिटं नुसता ऐका. पागनीस गायला ‘लागत’ नाहीत. बोलता बोलता बोलण्याचाच सूर जरा लांबतो आणि अभंग सुरू होतो. संपतो तोही बोलण्यातच विरतो. तानांचा सोस नाही. शब्द कानाशी येऊन सांगितल्यासारखा. आणि विरोधासाठी चित्रपटातच सालोमालो आहे! तुकारामाची रचना आपल्या नावावर खपवणारा, आणि ती दिमाखात, समोरच्यांना दिपवण्यासाठी गाणारा. शब्द तेच, आव वेगळा. एकाच कथेत दोन गायक्या समोरासमोर ठेवल्या आहेत, आणि प्रेक्षकाने कुठली खरी मानायची तेही सांगून टाकलंय. जवळून गाणारा खरा, लांबवर फेकणारा खोटा. माइकच्या बाजूने याहून मोठी वकिली मला तरी मराठीत सापडलेली नाही. (हे माझं वाचन आहे. भोळ्यांनी चाली बांधताना अभिनयाचा आणि शब्दाचा विचार केला होता. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे त्यांचं पुस्तक जरूर वाचा आणि मग मला खोडून काढा.)

परिणाम किती खोल गेला? पागनीसांची छबी घराघरांत तुकारामांची म्हणून पुजली गेली. आणि १९३६ साली लिहिलेलं गाणं वारीत सतराव्या शतकातला अभंग म्हणून गायलं जाऊ लागलं. लोकांनी चित्रपटातला आवाज तुकारामांचा म्हणून स्वीकारला. एखाद्या ध्वनिमुद्रणाच्या यशाचं याहून वेगळं मोजमाप काय असू शकतं, मला माहीत नाही.

१९३७चा ‘कुंकू’ही याच ओघात ऐका. दिग्दर्शन शांतारामांचं, संगीत पुन्हा भोळ्यांचं. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते दृश्यातल्याच वस्तूंचं : भिंतीवरचं घड्याळ, घरातले आवाज. शांता आपटे गातात तेव्हा साथीला खोलीतला ग्रामोफोन असतो. हे धाडस दिग्दर्शकाचं, मान्य. पण घड्याळाची टिकटिक खरखरीत बुडत असती तर कुठल्या दिग्दर्शकाने पार्श्वसंगीत काढून टाकलं असतं? १९३२मध्ये दामल्यांनी जे खातं शून्यातून उभं केलं, ते पाच वर्षांत या पायरीवर आलं होतं.

आता उलटतपासणी. कारण तुमच्यापैकी कुणी हा विषय खरोखर हाती घेतला तर परीक्षक पहिल्या दहा मिनिटांत हे विचारतील.

मराठी गाणं मवाळ, आटोपशीर आणि शब्दप्रधान होण्याला चित्रपट एकटा कारण नाही. विजेवरचं ध्वनिमुद्रण, म्हणजे माइक वापरून तबकडी कापणं, १९२५मध्ये परदेशात सुरू झालं आणि काही वर्षांत इथे आलं. मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७चं. जी. एन. जोशी यांच्या भावगीताच्या तबकडीने १९३२च्या सुमाराला घराघरांत कान वेधून घेतले होते. हेच जोशी पुढे मुंबईच्या एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळू लागले. १ जुलै १९३३ला ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं, त्यात ज्योत्स्ना भोळे यांची मोजकी, हळुवार गाणी, चाली केशवरावांच्याच. म्हणजे तेच भोळे ‘संत तुकाराम’च्या आधी रंगभूमीवरही याच दिशेने निघाले होते. तबकडीची साडेतीन मिनिटांची मर्यादा तर त्याहूनही जुनी. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात कर्णा मांडून बसला आणि त्याने गौहर जान यांना मुद्रित केलं, तेव्हापासून ख्याल मिनिटांत मावायला शिकत होता.

त्यामुळे ‘दामल्यांनी मराठी गाणं बदललं’ हा दावा मोठा आहे आणि टिकणार नाही. टिकणारा दावा लहान आहे : माइकमुळे आधीच सुरू झालेला बदल ‘प्रभात’मध्ये कथेचा, अभिनयाचा भाग झाला, आणि त्याचं एक कारण असं की ध्वनिमुद्रण कळणारा माणूस तिथे दिग्दर्शकाच्या खुर्चीत होता. प्रबंधाला लहान दावा पुरतो. उलट तोच पुरतो.

‘पहिला’ हा शब्दही जपून वापरा. पार्श्वगायनाचा मान सर्वसाधारणपणे न्यू थिएटर्सच्या १९३५च्या ‘धूप छाँव’ला दिला जातो, दिग्दर्शक नितीन बोस, आणि ध्वनिमुद्रक त्यांचे भाऊ मुकुल बोस. तिथेही पंकज मल्लिक, रायचंद बोराल ही नावं सगळ्यांना पाठ, मुकुलबाबूंचं नाव किती जणांना? पुण्यात, मुंबईतही साधारण त्याच सुमारास खटपटी चालल्या होत्या. कोण आठ महिने आधी यावर आयुष्य घालवण्यात अर्थ नाही. त्या पद्धतीने काय शक्य झालं ते बघा : गाणाऱ्याला चालायची गरज राहिली नाही, माइक अगदी ओठांशी आला, साथीदार झाडामागून बाहेर आले. आणि गाणारा व दिसणारा हे दोघे वेगळे झाले. पुढचं अर्धं शतक त्या फटीतून निघालं.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण ती तुमच्याही वाट्याला येऊ शकते. माझा मूळ विषय ध्वनीचा, गाण्याचा नव्हे. पण एका रिकाम्या सुट्टीत मी या चित्रपटातल्या गाण्यांचे षड्ज मोजायला बसलो. डी.व्ही.डी.वरून आवाज काढला, सॉफ्टवेअर चालवलं, तक्ता केला. षड्ज पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बसेनात. सगळे दोन पट्ट्यांच्या मधे, आणि सगळे सारख्याच अंतराने! मी खूश. वाटलं, तेव्हाचे साथीदार वेगळ्या स्वरमेळावर लावत असणार. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं. दोन आठवडे तरंगत होतो.

कारण फार साधं निघालं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडची टी.व्ही.ची जुनी पद्धत २५ची. चित्रपट टी.व्ही.साठी उतरवताना बरेचदा तो सरळ २५च्या वेगाने पळवत. चित्र जरा भरभर चालतं, डोळ्याला कळत नाही. पण आवाजाची प्रत्येक कंपनसंख्या २५/२४ पटीने वाढते, म्हणजे ०.७ अर्धस्वर वर. पांढरी दोनचा षड्ज १४६.८ हर्ट्झ असेल तर तो १५२.९ दिसतो, काळी दोनच्या (१५५.६) जवळ, पण तिथेही नाही. अगदी माझ्या तक्त्यासारखं. पागनीसांचा म्हणून जो आवाज मी ऐकत होतो, तो त्यांच्या आवाजापेक्षा बारीक होता. वर्षानुवर्षं टी.व्ही.वर आपण सगळ्यांनीच बहुधा तसा ऐकलाय. प्रत्येक प्रतीत हे होतं असं नाही. काहींत वेग मूळचा असतो, काहींत सूर मागाहून खाली आणलेला असतो, काहींत खरखर काढताना वरचे स्वरच कापलेले असतात. म्हणून प्रत कुठली, कुठून आली, तिच्यावर काय काय प्रक्रिया झाली, हे टिपणवहीच्या पहिल्या ओळीत लिहा. मी ते लिहिलं नव्हतं.

मग खरा वेग कळायचा कसा? मिनिटांवर विश्वास ठेवू नका, मिनिटं यंत्रागणिक बदलतात. फूट बदलत नाहीत. ३५ मिलिमीटरची बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, आणि सेन्सॉरच्या नोंदीत चित्रपटाची लांबी फुटांत दिलेली असते. फूट भागिले ९०, ही खरी मिनिटं. तुमच्या हातातली प्रत पूर्ण असेल आणि तिची लांबी याहून चार टक्क्यांनी कमी भरत असेल, तर ती पळवलेली आहे. सव्वादोन तासांच्या चित्रपटात हा फरक पाच मिनिटांच्या वर जातो. एखादी रिळं गहाळ असतील तर हिशोब चुकणार, तेव्हा एकट्या गाण्याची लांबी मूळ प्रतीवर मोजलेली मिळाली तर उत्तम. २७० फुटांचं गाणं, बरोबर तीन मिनिटं. पुण्याला गेलात तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारणा करा, आणि जाता जाता फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात डोकावा. तीच ‘प्रभात’ची जागा. दामले १९४५मध्ये गेले, कंपनीही पुढे बंद पडली, पण त्या आवारात आजही मुलं ध्वनिमुद्रण शिकतात.

माझा तक्ता मी २५/२४ने भागून पुन्हा मांडला. सगळे षड्ज पेटीच्या पट्ट्यांवर येऊन बसले. निबंध गेला, पण दामल्यांच्या यंत्राचा वेग गाण्यागणिक हलत नव्हता, एवढं त्या तक्त्यावरून दिसलं.